मुंबईंत पाडलेला परदेशी डॉलर

दिवाळीची सुटी संपून शाळा उघडली त्या आठवड्यांत आठवीच्या वर्गांतील एक विद्यार्थी रुमालाच्या टोकास गांठ मारून एक नाणें घेऊन आला. त्याच्या घरीं हें नाणें 'देवीचा रुपया' या नांवानें ओळखलें जातें. त्याच्या आजीचे आजेसासरे पलटणींतील चाकरी संपवून समुद्रापलीकडून परतले, तेव्हां तें त्यांच्या पेटींत निघालें. आणि तेव्हांपासून दरवर्षीं लक्ष्मीपूजनाच्या पाटावर त्यास हळदकुंकू लागत आलें आहे. नाण्याच्या एका अंगास त्रिशूळ व ढाल घेऊन उभी असलेली स्त्री आहे, म्हणून ती देवी. दुसऱ्या अंगास सांगवींत कोणासही न वाचतां येणारीं अक्षरें आहेत. मुलाच्या बहिणीचें लग्न ठरलें होतें, पैंजणांसाठीं थोडी चांदी कमी पडत होती, आणि सराफानें हें नाणें मोडीच्या भावानें घेण्याची तयारी दाखविली होती. मोडण्यापूर्वीं तें आहे तरी काय, एवढें सरांनीं सांगावें अशी मुलाची इच्छा.

त्रिशूळधारी स्त्रीच्या दोहों बाजूंस 'वन डॉलर' हीं इंग्रजी अक्षरें असल्यामुळें वर्गानें तें अमेरिकेचें नाणें असल्याचा निकाल मला विचारण्यापूर्वींच देऊन टाकला होता. मीं नाणें भिंगाखालीं धरलें. पायाखालीं साल १८९९. त्रिशूळाच्या मधल्या शूळावर, डोळ्यास सहसा न दिसेल इतकें बारीक, आंत खोदलेलें एक रोमन अक्षर आहे, तें 'बी'. हा बी म्हणजे बॉम्बे. जें नाणें समुद्रापलीकडून आलें म्हणून चार पिढ्या सांगत आल्या, तें मुळांत मुंबईहूनच समुद्रापलीकडे गेलें होतें! वर्ग क्षणभर गप्प झाला, मग एकानें विचारलें, "सर, मुंबईला डॉलर कशाला पाडले?" प्रश्न मोठा मार्मिक होता. त्याचें उत्तर एका तासांत पुरें झालें नाहीं, म्हणून येथें सविस्तर लिहीत आहें.

प्रथम नाण्याची ओळख करून घेऊं. हातांत त्रिशूळ घेतलेली ही स्त्री म्हणजे ब्रिटानिया, अर्थात् ब्रिटन देशाचें कल्पिलेलें मानवी रूप. ती समुद्रकांठीं उभी आहे व तिच्या मागें दूरवर शिडाचें गलबत दिसतें. हें चित्र लंडनच्या शाही टांकसाळींतील कोरक द सोल्स यांचें. दुसऱ्या बाजूच्या मध्यभागीं नक्षीदार वळणाचें एक चिनी अक्षर आहे. त्याचा उच्चार 'शौ' आणि अर्थ दीर्घायुष्य. आपण पत्राच्या आरंभीं चिरंजीव लिहितों, तसा चिनी लोकांचा हा शुभशब्द. त्याभोवतीं एक डॉलर हाच मजकूर दोन भाषांत आहे. चिनी भाषेंत 'यि युआन्', आणि अरबी वळणाच्या लिपींत लिहिलेल्या मलायी भाषेंत 'सातु रिंगित'. युआन् म्हणजे गोल वस्तु. जपानचा येन हा त्याच शब्दाचा भाऊ. रिंगित म्हणजे कंगोरेदार. मलाया द्वीपकल्पांतील लोकांनीं स्पॅनिश नाण्यांच्या दातेरी कडा पाहून हें नांव दिलें, आणि मलेशियाचें चलन आजही तेंच नांव धारण करितें. आपल्याकडे यंत्रावर पाडलेल्या रुपयास 'कलदार' म्हणत, त्यांत कल म्हणजे यंत्र. नाण्यांचीं नांवें लोक अशीं पाहून-चांचपून ठेवितात. राजाज्ञेची वाट पाहात बसत नाहींत.

नाण्याचें वजन ४१६ ग्रेन, म्हणजे सुमारें २६.९५ ग्रॅम, सराफी भाषेंत दोन तोळे पावणेचार मासे. दहा भागांपैकीं नऊ भाग चांदी व एक भाग तांबें. व्यास ३९ मिलिमीटर. राणीछाप रुपया एक तोळ्याचा. त्याहून हें नाणें वजनानें सव्वादोन पटींहून जड आहे, हें पुढील हिशेबासाठीं लक्षांत ठेवावें.

आतां चीनकडे वळूं. युरोपांतील व्यापाऱ्यांस चीनचा चहा व रेशीम हवें असे. पण त्यांच्याकडील कापडास किंवा लोखंडी मालास चीनमध्यें तितकी मागणी नव्हती. चिनी व्यापारी चांदी मागत. ही चांदी येई अमेरिकेंतील स्पॅनिश मुलखांतून, मोठ्या गोल नाण्यांच्या रूपानें. स्पेनचें आठ रियालांचें नाणें तें हेंच. मेक्सिको १८२१ सालीं स्वतंत्र झाल्यावर तेथल्या गरुडछाप डॉलरानें त्याची जागा घेतली आणि पूर्वेकडील बंदरांत तोच मुख्य चलनी डॉलर झाला.

चिनी व्यापारी नाण्यावरील राजाचें तोंड पाहून तें घेत नसे. तो तें वाजवून, तोलून, प्रसंगीं कापून पाही, आणि खरें ठरलें कीं त्यावर पोलादी ठशानें आपल्या पेढीची लहानशी खूण ठोकी. या खुणेस इंग्रज व्यापारी 'चॉप' म्हणत. हा शब्द आपल्याच 'छाप' शब्दाचें रूपांतर आहे. आणि नाणें पारखणाऱ्या माणसास ते 'श्रॉफ' म्हणत. तो तर उघडउघड आपला सराफ! हिंदुस्थानच्या पेढीवरचे हे दोन शब्द जहाजांत बसून कँटन-हाँगकाँगपर्यंत गेले. हाँगकाँगमध्यें आजही मोटारी उभ्या करण्याच्या जागीं पैसे भरण्याच्या खिडकीवर 'श्रॉफ' अशी पाटी असते. आमच्या विद्यार्थ्याच्या नाण्यावर ब्रिटानियाच्या ढालीजवळ दोन बारीक खड्डे आहेत, त्यांस घरचे लोक नाण्याचा दोष समजत. ते दोष नव्हेत. कोणा पारख्यानें हें नाणें खरें असल्याची दिलेली ती ग्वाही आहे.

मुंबईचा या व्यापाराशीं संबंध डॉलरापूर्वींचाच, आणि तो फारसा अभिमानास्पद नाहीं. माळव्यांत पिकलेली अफू मुंबई बंदरांतून चीनला जाई. तिच्या किंमतीची चांदी परत येई, आणि ती टांकसाळींत जाऊन तिचे रुपये होत. मुंबईंतील कित्येक थोर देणग्यांच्या मुळाशीं या व्यापाराची संपत्ति आहे. सर जमशेटजी जिजीभाई यांचें रुग्णालय व त्यांच्या शाळा यांनीं लक्षावधि गोरगरिबांचें कल्याण केलें हें खरें, आणि कँटनच्या बाजारांत अफूनें लक्षावधि घरें बुडालीं हेंही तितकेंच खरें. दोन्ही गोष्टी एकाच खतावणींतल्या आहेत.

हाँगकाँग बेट १८४२ च्या तहानें इंग्रजांकडे आलें. तेथें मेक्सिकोच्या डॉलरावर अवलंबून न राहतां स्वतःचा डॉलर असावा म्हणून इंग्रजांनीं १८६६ सालीं स्वतंत्र टांकसाळ उघडली. दोन वर्षांत वीस लाखांवर डॉलर पाडले. पण चिनी व्यापारी नव्या नाण्याकडे संशयानें पाही आणि टांकसाळीचा खर्च झेपेना. १८६८ सालीं ती बंद झाली. यंत्रें जपानला विकलीं गेलीं व ओसाका येथील टांकसाळींत लागलीं. जागेवर पुढें काय झालें असेल? साखर शुद्ध करण्याचा कारखाना! तेथल्या रस्त्याचें नांव अद्यापि 'साखर रस्ता' असें आहे. माळेगांवच्या कारखान्याकडे जाणाऱ्या उंसाच्या गाड्या रोज पाहणाऱ्या आमच्या मुलांस ही हकीकत फार आवडली. आणि इतिहासाचा बाकीचा भाग विसरला तरी एवढी त्यांच्या ध्यानांत राहील अशी मला भीति आहे.

अमेरिकेनें १८७३ पासून खास चीनच्या व्यापारासाठीं ४२० ग्रेनांचा डॉलर पाडून पाहिला, जपाननेंही तसाच प्रयत्न केला, आणि फ्रेंचांनीं १८८५ पासून हिंदी-चीनसाठीं आपला पियास्त्र काढला. अशा नाण्यास व्यापारी नाणें म्हणतात. तें ज्या सरकारनें पाडलें त्याच्या स्वतःच्या मुलखांत चालावें अशी अपेक्षा नसते. तें परक्या बाजारांत आपल्या चांदीच्या जोरावर उभें राहतें.

एवढी पूर्वपीठिका झाली. आतां मुंबईच्या टांकसाळीकडे येऊं, कारण खरी गोष्ट तेथेंच आहे.

फोर्टांत टाउन हॉलच्या शेजारीं असलेली ही टांकसाळ १८२९ सालची; तिचीं वाफेचीं यंत्रें इंग्लंडहून आणलेलीं होतीं. १८९३ पर्यंत तिचा एक नियम असा होता कीं, कोणीही चांदी घेऊन यावें, शेकडा दोनांच्या आसपास मजुरी द्यावी, आणि चांदीचे रुपये घेऊन जावें. शेतकरी स्वतः बोरीबंदरास जात नसे हें उघड आहे. पण गांवचा सोनार, तालुक्याचा सराफ व मुंबईची पेढी या वाटेनें त्याच्या घरच्या चांदीचा धागा टांकसाळीच्या दारापर्यंत पोंचलेला होता. म्हणून तोळाभर शुद्ध चांदी म्हणजे एक रुपया व वर आणा, हा हिशेब खेड्यांतल्या बाईसही ठाऊक असे. तिच्या पायांतले तोडे, दंडांतल्या वांक्या, मनगटांतले गोठ हे दागिने तर होतेच; शिवाय ते तिचें पेढीवरचें खातें होतें. पाऊस आला कीं घडवावें, न आला कीं मोडावें. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळांत दख्खनच्या दागिन्यांची चांदी मोठ्या प्रमाणावर मुंबईच्या टांकसाळींत येऊन पडली, तिचे रुपये झाले, आणि त्या रुपयांनीं धान्य विकत घेतलें गेलें.

पण जगांत चांदी उतरूं लागली होती. जर्मनीनें सोन्याचें चलन स्वीकारून आपली चांदी बाजारांत काढली, अमेरिकेंत चांदीच्या नव्या खाणी लागल्या. लंडनच्या बाजारांत १८७१ च्या सुमारास एका औंसास साठ पेन्स भाव होता, तो शतक संपतां संपतां अठ्ठावीस पेन्सांच्याही खालीं आला. रुपया पूर्वीं दोन शिलिंगांच्या जवळपास चाले, तो १८९२-९३ मध्यें सव्वा शिलिंगावर आला. हिंदुस्थान सरकारास इंग्लंडांत दरसाल सोन्यांत मोठी रक्कम भरावी लागे: कर्जावरील व्याज, रेल्वेची हमी, अधिकाऱ्यांचीं निवृत्तिवेतनें. रुपया जितका उतरे तितके अधिक रुपये त्यासाठीं जमवावे लागत. सरकारची अडचण खोटी नव्हती. तिचा भार कोणाच्या डोक्यावर ठेवावयाचा, हा प्रश्न होता.

२६ जून १८९३ रोजीं कायदा झाला आणि चांदी आणणाऱ्या लोकांसाठीं टांकसाळींचीं दारें बंद झालीं. रुपये पाडावयाचे कीं नाहींत व किती, हें सरकारनें आपल्या हातीं घेतलें. रुपयांची आवक अडविली कीं रुपया महागेल, अशी ती योजना. आणि थोड्या वर्षांनीं तसें झालेंही. १८९८ च्या सुमारास रुपया एक शिलिंग चार पेन्सांवर स्थिर झाला. पण रुपया महागला तो दाराला लावलेल्या कुलपामुळें. चांदी महागली नव्हती.

दारें बंद झालीं तेव्हां आंत यंत्रें रिकामीं राहिलीं. इकडे हाँगकाँग व सिंगापूरचे व्यापारी मेक्सिकोचे डॉलर पुरेसे मिळत नाहींत म्हणून तक्रार करीत होते. दोहोंची सांगड घातली गेली. २ फेब्रुवारी १८९५ च्या राजाज्ञेनें ब्रिटिश डॉलर अस्तित्वांत आला, आणि तो मुख्यत्वें मुंबईंत पाडावा असें ठरलें. पूर्वेकडे व्यवहार करणाऱ्या बँका चांदीच्या विटा आणीत, टांकसाळ मजुरी घेऊन डॉलर पाडून देई. चांदी तांब्याबरोबर वितळवून तिच्या कांबी ओतावयाच्या. रुळांखालीं दाबून त्या ठराविक जाडीच्या करावयाच्या. त्यांतून गोल चकत्या कापावयाच्या. चकत्या तापवून मऊ करून, त्यांच्या कांठास दाब देऊन, तोलून, हलक्या-भारी वेगळ्या काढावयाच्या. आणि मग वरच्या व खालच्या ठशांमध्यें प्रत्येकीवर एकच आघात. त्याच आघातांत कडेचे कंगोरे उठतात. कलकत्त्यासही १९०० च्या सुमारास कांहीं वर्षें हे डॉलर पडले. त्यांवर 'सी' हें अक्षर ब्रिटानियाचा डावा पाय व ढाल यांच्यामध्यें सांपडतें. १९२५ व १९३० सालीं लंडनलाही पाडले, त्यांवर कोणतीच खूण नाहीं.

आतां विद्यार्थ्यांनीं वही घ्यावी. लंडनच्या बाजारांत ज्या औंसाचा भाव निघे त्यांत शुद्ध चांदी ४४४ ग्रेन असे. १८९९ सालीं तो भाव सुमारें साडेसत्तावीस पेन्स होता. डॉलरांत शुद्ध चांदी ३७४.४ ग्रेन, म्हणजे तिची किंमत तेवीस पेन्सांहून किंचित् अधिक. रुपयांत शुद्ध चांदी १६५ ग्रेन, तिची किंमत सव्वादहा पेन्स. पण रुपया चालत होता सोळा पेन्सांस! एक पेनी म्हणजे बरोबर एक आणा, असा तो सोयीचा काळ होता. डॉलरांत सव्वादोन रुपयांहून अधिक चांदी असूनही त्याची किंमत एक रुपया सात आणे; आणि रुपयांत सव्वादहा आण्यांची चांदी असून त्याचे सोळा आणे. एकाच इमारतींत, एकाच धातूचीं, दोन तऱ्हेचीं नाणीं पडत होतीं. एकाची किंमत त्याच्या पोटांत होती. दुसऱ्याची निम्म्याहून थोडी अधिक पोटांत, आणि उरलेली सरकारच्या कुलपांत.

या गणितांत रयतेची बाई कोठें बसते? तिच्या तोड्यांच्या तोळाभर शुद्ध चांदीचा पूर्वीं रुपया-आणा होई, त्याचे आतां अकरा आणे होऊं लागले. शेतसारा मात्र रुपयांतच भरावयाचा, आणि सावकाराचें कर्जही रुपयांतच फेडावयाचें. आणि काळ कोणता? १८९६-९७ चा दुष्काळ होऊन दोन वर्षें होतात न होतात तों १८९९-१९०० चा दुष्काळ मुंबई इलाख्यावर कोसळला. बारामती-इंदापुरांत नीरेचा कालवा तेव्हां वाहात होता. पण कालव्याच्या पाण्यापलीकडची जिराईत जमीन आभाळाकडेच पाहणारी, आजही ती तशीच आहे. सगळ्या गांवानें एकदम दागिने मोडावयास काढले कीं सराफ भाव आणखी पाडतो, हें निराळें सांगावयास नको. पूर्वीं अशा वेळीं टांकसाळीचें उघडें दार भावास एका ठिकाणीं तरी आधार देई. तो आधार आतां नव्हता.

दादाभाई नौरोजी यांनीं १८९८ च्या चलन-समितीपुढें आपलें निवेदन सादर करून या धोरणास विरोध केला. रुपया कृत्रिम रीतीनें महाग केला म्हणजे सारा भरण्यासाठीं शेतकऱ्यास अधिक धान्य विकावें लागतें, कराचा आंकडा न वाढवितां कर वाढतो, हें त्यांचें म्हणणें होतें. समितीनें तें मानलें नाहीं. माझ्या मतें दादाभाईंचा मुद्दा आजही कोणास खोडून काढतां येणार नाहीं. सरकारची बाजू मांडणाऱ्यांनीं सोळा पेन्सांच्या रुपयानें आलेली स्थिरता जरूर सांगावी, पण तिची किंमत कोणीं दिली तेंही त्याच वाक्यांत सांगावें.

१८९९ या एका वर्षीं मुंबईंत पडलेल्या ब्रिटिश डॉलरांची संख्या तीन कोटींच्या घरांत होती. आमच्या विद्यार्थ्याच्या हातांतलें नाणें त्यांपैकींच एक. चीनच्या व्यापारासाठीं आणलेल्या चांदीवर ठसे धडाधड पडत होते, आणि त्याच सालीं दख्खनच्या गांवोगांवचे तोडे बाजारांत मातीमोलानें चालले होते. टांकसाळीच्या कारागिरांचा यांत कांहींच दोष नाहीं. पण दोन चित्रें शेजारीं ठेविल्यावांचून हें नाणें समजत नाहीं.

पुढील हकीकत थोडक्यांत. सिंगापूरकडील मुलखानें १९०३ सालीं स्वतःचा डॉलर काढला. तोही आरंभीं मुंबईंतच पडला, आणि पुढल्याच वर्षीं तेथें ब्रिटिश डॉलर बंद झाला. चीननें १९१४ पासून युआन् शिकाय् या अध्यक्षाचें चित्र असलेलें आपलें नाणें काढल्यावर परकीय डॉलराची गरज ओसरली. १९३४ सालीं अमेरिकन सरकारनें मोठ्या प्रमाणावर चांदीची खरेदी सुरू केली, चांदी चीनमधून बाहेर ओढली जाऊं लागली, आणि १९३५ च्या नोव्हेंबरांत चीन व हाँगकाँग या दोघांनींही चांदीचें चलन सोडलें. मुंबईंत त्या वर्षीं पाडलेले डॉलर वापरांत येण्यापूर्वींच बहुतेक वितळविले गेले. म्हणून १९३५ सालचें नाणें अत्यंत दुर्मिळ आहे. १ ऑगस्ट १९३७ रोजीं हाँगकाँगमध्येंही हा डॉलर कायद्यानें बाद झाला.

यानंतर मुंबईच्या टांकसाळीनें आणखी एक परदेशी नाणें पाडलें, तें तर याहून विलक्षण. ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया थेरेसा १७८० सालीं वारली. तिच्या मुखवट्याचा चांदीचा थालर तांबड्या समुद्राच्या दोन्ही कांठांवर, येमेनच्या कॉफीबाजारापासून हबसाणापर्यंत, इतका विश्वासाचा झाला होता कीं, राणी गेली तरी लोक दुसरें नाणें घेईनात. म्हणून ऑस्ट्रियानें १७८० हेंच साल कायम ठेवून तो पुढेंही पाडला. इटलीनें १९३५ सालीं हबसाणावर स्वारी करितांना व्हिएन्नाहून त्याचे ठसे मिळविले. मग ब्रिटननेंही लंडनला तो पाडावयास आरंभ केला. महायुद्धांत पूर्व आफ्रिकेंतील मोहिमेसाठीं हें नाणें हवें झालें तेव्हां काम मुंबईकडे आलें. १९४० व ४१ या सालीं मुंबईंत पावणेदोन कोटींहून अधिक थालर पडले, आणि प्रत्येकावर साल १७८० ! दीडशें वर्षांपूर्वीं मेलेल्या राणीचें नाणें, तिनें कधीं न पाहिलेल्या शहरांत, तिच्या वंशजांचें राज्य बुडाल्यावर. इतिहासाच्या पेपरांत मुलांनीं अशी सनावळी लिहिली असती तर मीं तांबड्या शाईनें खोडली असती.

मुंबईची टांकसाळ अजून चालू आहे. आपल्या खिशांतील नाणें पाहावें. सालाच्या खालीं पत्त्यांतील चौकटीसारखा बारीक हिरा असला तर तें मुंबईचें.

आतां त्या देवीच्या रुपयाकडे परत येतों. आम्हीं तें प्रयोगशाळेंतील तराजूवर तोललें. २६.७१ ग्रॅम भरलें. शंभरांहून अधिक वर्षांच्या हाताळणीनें व हळदकुंकवाच्या घासणीनें एवढी झीज होणें स्वाभाविक आहे. लोहचुंबक लावून पाहिला, चिकटलें नाहीं. या दोन परीक्षा मुद्दाम लिहितों, कारण या डॉलराच्या लोखंडावर किंवा हलक्या धातूवर मुलामा दिलेल्या नकला बाजारांत पुष्कळ आहेत. पालकांनीं असें नाणें विकत घेतांना किंवा विकतांना निदान वजन तरी पाहावें, आणि त्रिशूळावरचें अक्षर भिंगानें शोधावें. १८९९ साल दुर्मिळ नव्हे, तेव्हां हजारोंचा खजिना हातीं आला अशीही आशा मीं मुलास दाखविली नाहीं. मोडीच्या भावापेक्षां संग्राहक कांहीं अधिक देईल, इतकेंच.

चार दिवसांनीं त्याचे वडील शाळेंत आले, सोबत आजीही होत्या. मीं त्यांस वरील सर्व हकीकत शक्य तितक्या सोप्या शब्दांत सांगितली. तोड्यांचा भाव उतरल्याचा भाग सांगूं लागलों तेव्हां आजीबाईंनीं मान हलविली. त्यांच्या सासूच्या तोंडून छप्पन्नच्या दुष्काळांत मोडलेल्या चांदीच्या सरीची गोष्ट त्यांनीं कित्येकदां ऐकली होती. अकरा आण्यांचा हिशेब मात्र नव्यानेंच कळला. मग त्यांनीं भिंग मागून घेतलें, त्रिशूळावरचें अक्षर बराच वेळ न्याहाळलें, आणि म्हणाल्या, "म्हणजे ही बया मुंबईचीच म्हणायची."

नाणें रुमालांत पुन्हां बांधलें गेलें. बहिणीचे पैंजण दोन तोळ्यांनीं हलके झाले.